लोण्याच्या मनोऱ्याजवळचं दुकान

फ्रान्समधलं रुआँ शहर आमच्या अण्णांइतकं पाठ असलेला माणूस अख्ख्या बंगळूरात नव्हता, आणि खुद्द रुआँत तरी असेल की नाही, मला शंकाच आहे. अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे आतेभाऊ. चामराजपेटेत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. पहिल्या महायुद्धात ते फौजेबरोबर शिंपी म्हणून गेले, आणि चाळीस वर्षं उलटली तरी पुरते परतले नव्हते. यशवंतपूरची बस कुठं मिळते असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकालाही ते आधी रुआँतून फिरवून आणत. "हे बघा, चर्चच्या लोण्याच्या मनोऱ्याकडे पाठ करायची. स्वल्प पुढं गेलं की रस्त्यावरच कमान, तिच्यात हे एवढं घड्याळ. खालून गेलं की डाव्या हाताला कपड्यांचं दुकान." तोवर बस गेलेली असे. बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या चर्चकडे तर ते थोरल्या जावेनं धाकटीकडे बघावं तसं बघत.

त्या दुकानाच्या काचेतला कोट बघत ते एकदा उभे राहिले म्हणे, मालकानं आत बोलावलं, आणि दोघं दुपारभर बटणांची काजं करत बसले. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, तरी अण्णांनी त्याला आपल्या पद्धतीचं काज शिकवलं. यावर कुणाचाच विश्वास नव्हता. "लोण्याचा मनोरा उन्हात वितळत नाही का, अण्णा?" असं एका लग्नाच्या पंगतीत मीच विचारलं. पंगत हसली. अण्णा पानाकडे बघत म्हणाले, "मी तिथं होतो रे." त्यानंतर त्यांनी रुआँचं नाव काढलं नाही. गिऱ्हाइकांना बस मिळू लागली, आणि मला मात्र चैन पडेना.

पुढं माझा धाकटा भाऊ कारखान्यातर्फे फ्रान्सला शिकायला गेला, तेव्हा मी त्याला अण्णांचा रस्ता लिहून पाठवला. उत्तर आलं ते मी अण्णांच्या दुकानात जाऊन मोठ्यानं वाचलं. मनोरा आहे, दगडाचा आहे, पण नाव लोण्याचंच. कमान आहे, घड्याळ आहे. डाव्या हाताला दुकानही आहे, आता तिथं त्या मालकाची सून बसते. सासरे नेहमी सांगत, की हिंदुस्थानातल्या एका फेटेवाल्या शिंप्यानं आपल्याला काज शिकवलं, त्याचं नाव मस्यू सरी, म्हणजे श्रीयुत सरी. घरात कुणी ते खरं मानलं नाही.

मला हसू आवरेना. अण्णा कशालाही कानडीतलं 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणत. दुपारभर तेवढंच म्हणाले असणार, आणि त्या बिचाऱ्यानं ते नाव समजून जपून ठेवलं. अण्णा हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "'सांगत' असं लिहिलंय?"

"हो."

"म्हणजे गेला तो."

"हो, अण्णा."

बराच वेळ ते सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत राहिले. मग म्हणाले, "त्यालाही हसले असतील रे लोक."