साखऱ्याला नेलेली कलेजी

गोरेगावात कुणा सुनेची पाळी थांबली, तर आमची सुईणआत्या आधी पोटाला हात लावायची नाही. विचारायची, "दिवेलागणीला उंबरा दिसतो का गं?" बायका हसायच्या. दुखणं कुठं अन् म्हातारी बघून राहिली कुठं, म्हणायच्या.

ती धनगराची, शेरडं राखणारी. दिसत नाही म्हटलं, की बाजारच्या दिवशी निखाऱ्यावर भाजलेली बकऱ्याची कलेजी घेऊन हजर. सुना सगळ्यांच्या मागून जेवायच्या, म्हणून ती समोरच ठाण मांडायची. पोरीनं शेवटचा घास गिळला की मगच उठायची. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. पाळी दोन-दोन महिने यायची नाही आणि संध्याकाळी मी भिंती चाचपायचे. सासू कुरकुरली, तेव्हा आत्या म्हणाली, "लेकाला घालायची आसंल तर दुसरी आण. ही तिची हाय." काही महिन्यांत मला संध्याकाळचं दिसू लागलं, मग पाळीही नेमानं आली. थोरला त्यानंतरचा. अलीकडे डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, कलेजीत अ जीवनसत्त्व असतं. ते डोळ्यांना लागतंच, पाळी चालवणाऱ्या संप्रेरकांवरही त्याचा परिणाम होत असावा, पण खात्रीनं सांगता येत नाही.

आत्याची लेक साखऱ्याला दिलेली. तिचंही माझ्यासारखंच झालं आणि सासरचे दुसरी बायको आणायचं बोलू लागले. पण मूल झाल्याशिवाय आईनं लेकीच्या दारात जायचं नाही, अशी त्यांच्यात रीत. माझं माहेर साखऱ्याचं, आई आजारी, म्हणून माझी आठवड्याला खेप असे. आत्या पळसाच्या पानात कलेजी बांधून द्यायची. मी ती लेकीच्या सासूच्या हातात ठेवायचे. सासूला डावलून सुनेला देणं बरं दिसत नसे. परतल्यावर आत्या विचारायची, "खाल्ली का तिनं? तुझ्यासमोर?"

मी "व्हय" म्हणायचे.

निजामी संपली त्या पोलीस ॲक्शनच्या आदल्या उन्हाळ्यात आत्याची लेक दिवस मावळताना पाण्याला गेली आणि बिनकठड्याच्या विहिरीत पडली. दहाव्याला माझ्या आईनं सांगितलं, ती पुडी दर वेळी लेकीऐवजी तिच्या नवऱ्याच्या ताटात जायची. साऱ्या आळीला माहीत होतं.

आत्याला सांगायचं ठरवूनच मी परत आले. ती शेरडांपाशी बसली होती. म्हणाली, "इतके दिवस खाल्ली तिनं, तरी आंधळीच राहिली. माझं औषीदच खोटं. उगं तुमा पोरींना तकलीफ दिली."

पुडी कुणाच्या ताटात जायची, ते मी सांगितलंच नाही.

पुढच्या वर्षी शेजारची सून भिंत धरत तिच्याकडे आली. आत्यानं तिला हिंगोलीच्या दवाखान्याची वाट सांगून परत पाठवलं. मी तिथंच ओट्यावर बसले होते.