अर्धा टिळा

आमच्या कॉलेजच्या संशोधन-पत्रिकेची संपादक मी झाले, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. वाचणाऱ्याला फुकट, छापून घेणाऱ्याला फुकट आणि राबणाऱ्या बाईलाही फुकटच, असं स्टाफरूममध्ये म्हणत. म्हणोत बापडे. मी धातुशास्त्र शिकवते, तडे शोधायची खोडच लागलेली आहे. पत्रिकेची नियमावलीही मीच लिहिली. कारखान्यातल्या वस्तूचा फोटो असेल तर कारखान्याचं परवानगीपत्र हवं. चित्रातून माणूस ओळखू येत असेल तर त्याची संमती हवी, तो हयात नसेल तर घरच्यांची. छापून येईपर्यंत लेखातला शब्दही बाहेर जाता कामा नये. आणि संपादकाचं लेखाशी नातं निघालं तर त्यानं तिथल्या तिथे बाजूला व्हायचं. हा शेवटचा नियम लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे दुसरेच लोक होते.

लेख आला तेव्हा टळटळीत दुपार होती. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत मी एकटी. खिडकीतून तळवड्याच्या बाजूचे पत्र्याचे शेड दिसत होते. चाकणच्या एका फोर्जिंग युनिटमध्ये, म्हणजे तापलेलं लोखंड प्रेसखाली दाबून घडवणाऱ्या कारखान्यात, तुटलेल्या भागांचा अभ्यास, असा साधा विषय. लेखक अनोळखी, पूर्वी त्या युनिटमध्ये देखभालीचं काम केलेला, आता दुसऱ्या कॉलेजात शिकवणारा. परवानगीपत्र सोबत होतं. युनिट आता नव्या मालकांकडे होतं, नाव छापू नका एवढीच त्यांची अट. चला, एक तरी शहाणा लेखक मिळाला, असं म्हणून मी चित्रं बघायला लागले.

चौथं चित्र एका मोठ्या प्रेसचा दांडा धरून ठेवणाऱ्या जाड पिनीचं होतं. तुटलेली बाजू कॅमेऱ्याकडे केलेली. त्यावर रेषा होत्या, नदीचं पाणी ओसरताना घाटाच्या पायरीवर उमटतात तशा. अशा रेषा म्हणजे वस्तू एका झटक्यात तुटलेली नाही, तडा हळूहळू आत सरकत गेलाय. त्यातल्या सगळ्यात जुन्या, कडेच्या पट्ट्यात लाल काहीतरी मुरलेलं होतं. लेखकानं खाली लिहिलं होतं, ‘लाल पदार्थ, बहुधा रंग. उगम अज्ञात.’

मी चित्र मोठं केलं. लाल पट्टा कडेपर्यंत येऊन पिनीच्या बाहेरच्या अंगावर चढला होता आणि तिथे एक ठसा होता. अंगठ्याचा. अर्धाच, कारण उरलेला अर्धा पिनीच्या दुसऱ्या तुकड्यावर गेला असणार. ठशाच्या मधून एक तिरकी कोरी रेघ गेली होती.

तो अंगठा मी ओळखत होते.

धाकटा भाऊ लहानपणी कडबा तोडताना विळ्यानं अंगठा कापून बसला होता. व्रण राहिला. तेव्हापासून तो कुठेही कुंकू लावी तिथे मधून चिरलेला टिळा उमटे. आमच्या दारावर, ट्रॅक्टरवर, माझ्या पहिल्या स्कूटीवर. ‘तुझा टिळा म्हणजे फुटकं कौल,’ असं मी त्याला चिडवायची. जमीन गेली, तो चाकणला प्रेसवर लागला, आणि दर खंडेनवमीला तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्यानं आपल्या मशीनला लावायला लागला. शॉपमधली रीत अशी की दसऱ्याचं कुंकू पुसायचं नाही. जाईल तेव्हा आपसूक जाईल.

तो गेला त्या वर्षी दिवाळीच्या आधीच पिन तुटली आणि प्रेसचा दांडा त्याच्या अंगावर आला. कंपनीच्या चौकशीत ठरलं की ऑपरेटरनं त्या शिफ्टला क्षमतेपेक्षा जास्त भार दिला, म्हणून पिन अचानक तुटली. तुटका तुकडा मी मागितला होता, दाखवला नाही. आईनं ते ठरलेलं खरं मानलं. पोरगं गेलं ते गेलं, वर चूकही त्याचीच.

आणि आता स्क्रीनवर कुंकू तड्याच्या आत होतं. म्हणजे खंडेनवमीला त्यानं अंगठा टेकवला तेव्हा तडा तिथे होता, उघडा होता. त्याचा अंगठा नेमका त्याच्यावर पडला होता. मी लॅपटॉप मिटला. झाकणाच्या आत तो ठसा आहे आणि बाहेर यायला बघतोय, असं वाटत राहिलं. शिकलेली बाई, पण खोलीतून बाहेर पडताना मी मागे वळून पाहिलं नाही.

नियमाप्रमाणे मी सहसंपादकांना लिहून कळवलं, त्या प्रेसवरचा ऑपरेटर माझा भाऊ होता आणि तो लाल पदार्थ कुंकू आहे. सहसंपादक म्हणजे निवृत्तीला आलेले, काटेकोर, आयुष्यात कुणाच्या लग्नातही पंगत मोडून न जेवलेले गृहस्थ. त्यांनी त्याच दुपारी तो लेख मला बंद केला. पासवर्ड टाकला की लेखाच्या जागी रिकामी चौकट दिसे.

‘सर, निदान होणार काय ते तरी सांगा,’ मी म्हटलं.

‘बाई, नियम तुमचेच आहेत,’ ते म्हणाले. ‘घरी एक शब्द बोलू नका.’

बोलले नाही. पण ते दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. संध्याकाळी आई ओट्याशी भाजी निवडत बसायची आणि तिचं पालुपद सुरू व्हायचं. ‘लई दाबली आसंल मशीन. त्येला दमच न्हवता. ल्हानपनी बी तसाच.’ तोंडातून शब्द निसटेल म्हणून मी पाणी प्यायला उठायची. राग कुणाचा यायचा तेही कळेना. बहुतेक माझ्याच नियमावलीचा.

त्यात प्रयोगशाळेत लाल रंगाची चाचणी आली. दरवर्षी शिकवते. धातूवर लाल द्रव लावायचा, थोडा वेळ थांबायचं, पुसून काढायचा, वर पांढरी पूड फवारायची. तडा असेल तर त्यानं लाल पिऊन ठेवलेलं असतं, ते पांढऱ्यावर रेघ होऊन वर येतं. मुलं दरवर्षी खूश होतात, जादूच दिसते ना. या वेळी रेघ वर यायला लागली आणि मला वाटलं, आता तिच्याभोवती अंगठा उमटेल. तास अर्ध्यावर सोडून मी बाहेर आले.

मग एके दिवशी सहसंपादकांचा फोन आला. दोन्ही परीक्षकांनी लेख स्वीकारला होता. अडचण एकच होती. ‘चित्रात मयत माणसाचा ठसा आहे. तो भाग कापायचा, नाहीतर घरच्यांची संमती घ्यायची. कापला तर कुंकवाचा पुरावा जातो. मी तुमच्या मातोश्रींना भेटतो. तुम्ही खोलीत असलात तरी बोलायचं नाही.’

ते रविवारी सकाळी आले. चहाला हात न लावता त्यांनी आईला छापील चित्र दिलं आणि सावकाश, पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं, सगळं सांगितलं. ही पिन. हा जुना तडा. हे कुंकू. तडा आधीपासून होता, पिन त्या दिवशीच्या भारानं अचानक तुटलेली नाही.

आईनं चित्र उजेडात धरलं. ठशावर तिनं स्वतःचा अंगठा ठेवला, उचलला, परत ठेवला.

‘हा त्योच,’ ती म्हणाली. ‘मंग त्येची चूक न्हवती म्हना की.’

‘नव्हती,’ सर म्हणाले. ‘हे छापलं तर कुणालाही, कुठूनही, पैसे न देता बघता येईल.’

‘कंपनीवाल्यांस्नी बी?’

‘त्यांनाही.’

‘छापा. ठसा कापू नगा.’

तिनं सही केली. मला हुंदका आवरेना. इतक्या वर्षांनी माझा भाऊ सुटला होता. सर उठून चपला घालायला लागले, आणि आई चित्राकडे बघत, जुनी गंमत सांगावी तशी म्हणाली, ‘त्या खंडेनवमीला फोन केला हुता त्येनं. म्हनला, आये, बाकी समदीकडं कुंकू बसलं, ही पिनच तेवढी पिती. दोनदा लावलं तरी पिऊन टाकलं. मी म्हनलं, येड्या, देवीनं मान घेतला. चांगलं आसतंय.’

सर एक चप्पल पायात घालून तसेच थांबले. मी नियम पाळला. बोलले नाही.

आईनं आमच्या तोंडाकडे पाहिलं, मग चित्राकडे. तड्यातल्या लालवर तिचं बोट हळूहळू कडेपासून आत गेलं आणि जिथे लाल संपत होतं तिथे थांबलं. तिला कुणी काही समजावलं नाही.

लेख छापून आला. चित्राखाली आता ‘यंत्रपूजेतलं कुंकू’ असं आहे आणि माझं नातंही जाहीर केलेलं आहे. ज्याला बघायचं त्यानं बघावं. ‘चूक त्याची नव्हती’ हे आई आता शेजारणींना स्वतःहून सांगते.

भाऊ गेल्यापासून आमच्याकडे खंडेनवमीची पूजा बंद होती. यंदा आईनं पुन्हा मांडली. विळी, मिक्सर, पिठाची गिरणी, माझी स्कूटी. तेलात कालवलेलं कुंकू तिनं एकेकाला अंगठ्यानं लावलं. आणि प्रत्येक टिळा लावून झाला की ती खाली वाकून, श्वास रोखून बघत बसली, बसतंय की पितंय. स्कूटीपाशी बराच वेळ गेला तरी ती उठेना, तेव्हा मीही तिच्याशेजारी बसले आणि बघायला लागले.