जरा जास्त लंगडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांच्याशीसुद्धा कधी बोलले नाही – आणि हे तर त्या दिवशी शेजारीच उभे होते. तुम्हाला का सांगतेय? तेही मला नीट कळत नाही.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. शिंदखेड्याला असतात, ब्लाउज शिवतात. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक राहिला. तरी चालतात. पदर सावरल्यासारखं करत तोल असा सांभाळतात, की नव्या माणसाच्या पटकन लक्षातही येत नाही. ते चालणं त्यांनी कमावलंय. मला हे ठाऊक होतं. ठाऊक असूनही –

थांबा. नीट सांगते.

आठ वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही दोन्ही मुलांना घेऊन जळगावहून मुंबईकडच्या एका मोठ्या पार्कात जाणार होतो. पाळणे, झोके, पाण्याच्या घसरगुंड्या. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, घरात कुणी अपंग असेल तर घेऊन जा, हाताला पट्टी बांधतात, मग कुणालाच रांगेत उभं राहावं लागत नाही. त्याच संध्याकाळी मी अक्कांना फोन केला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. तोवर मी त्यांना कुठेही नेलं नव्हतं.

 फोनवर त्या म्हणाल्या, "माले बी लई जाशात?"

त्यांनी नवा ब्लाउज शिवला. त्या खुश झाल्या म्हणून मलाही बरं वाटलं. खरंच वाटलं. मग ते बरं वाटणं खोटं होतं का?

पार्कात खिडकीवर पाटी होती – रांगेत उभं राहणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठीच पट्टी. मागून अक्का येत होत्या, त्यांच्या त्या नीटस चालीनं. मी चार पावलं मागे गेले, त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "अक्का, जरा जास्त लंगडा."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. ते कळताना मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं.  अक्का सगळ्यांसमोर पाय ओढत खिडकीपाशी आल्या. आतल्या मुलीनं विचारलं, यांना उभं राहता येतं का? मी म्हणाले, अजिबात नाही. चाकाची खुर्ची आली. अक्का बसल्या.

दिवसभर आम्ही सगळ्यांच्या पुढे. उन्हात ताटकळलेल्या बाया अक्कांकडे बघून बाजूला सरायच्या. एकीनं तर त्यांना पाणी दिलं.

दुपारी आकाशपाळण्यापाशी आलो. सकाळपासून अक्कांचं लक्ष त्याच्याकडेच होतं. तिथल्या माणसानं अडवलं – ज्यांना उभंच राहता येत नाही, त्यांना वर बसवता येत नाही. अक्का मला हळूच म्हणाल्या, "मी चढी जासू ना. घरना जिना रोज चढस मी."

मी फक्त म्हणायचं होतं, की मघाशी खोटं बोलले. पट्टी गेली असती. मुलांचे दोन खेळ राहिले होते – दोनच! मी म्हणाले, "राहू द्या अक्का, चक्कर येईल."

आम्ही चौघं वर गेलो. वरून त्या दिसत होत्या. मांडीवर आमच्या पिशव्या, मान वर, मुलांना हात हलवत होत्या.

मी रागीट नाही, दुष्ट नाही, असं आपलं मला वाटतं. मग ते कोण बोललं?

मागच्या वर्षी शिंदखेड्याला लग्न होतं. आदल्या दिवशी मांडवात बायका मेथी निवडत होत्या आणि अक्का त्या पार्कातल्या आकाशपाळण्याचं सांगत होत्या. "वरतून बठ्ठा मानसं मुंग्यासारखा दिसतस!" त्या हे कधीपासून असं सांगतायत, कुणास ठाऊक. माझी लाज झाकतात, की स्वतःची? की सांगता सांगता त्यांना खरंच वर गेल्यासारखं वाटतं?

एकीनं मला विचारलं, "खरंच बसल्या होत्या का हो?"

अक्कांचे हात थांबले.

"हो," मी म्हणाले. "माझ्या शेजारीच."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुसरी जुडी उचलली, तिचा दोरा सोडला, आणि पुन्हा मेथी निवडू लागल्या.