उल्जिनवालीचे चार नमस्कार

माझी थोरली जाऊ म्हणजे सोरासिल गावातल्या आमच्या घराण्याची थोरली सून. तिचं नाव पिल्नाम, पण ते सरकारी कागदापुरतं. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरगावावरून हाक मारतात, म्हणून ती उल्जिनवाली आणि मी मुनग्यॉन्गवाली. तिचं माहेर समुद्रकाठी, मासळी बाजाराला लागून. तिथून ती या डोंगरात आली आणि आमच्या घराण्यातले जिवंत आणि मेलेले, सगळेच तिच्या गळ्यात पडले. मी तिची जाऊ, तेव्हा तिचे दोष मला तोंडपाठ असणारच. ती हट्टी आहे, मिठाला तिचा हात सैल आहे, आणि आपली चूक तिला कधी दिसत नाही. पण तिच्यासारखी बाई पंचक्रोशीत दुसरी नाही. हे तिला कोणी सांगू नका, नाहीतर माझं जिणं मुश्कील करेल.

आमच्या मूळपुरुषाचं श्राद्ध पानगळीच्या दिवसांत असतं. नैवेद्यापुढे तांदळाच्या दारूचा पहिला पेला घरचा मुलगा ठेवतो आणि दुसरा थोरली सून. पेला ठेवला की तिने चार नमस्कार घालायचे. बायकांचा हा नमस्कार ज्याने कुणी काढला त्याला गुडघे नसावेत. दोन्ही हात कपाळाशी धरायचे, तसंच हळूहळू गुडघे मोडत जमिनीवर बसायचं, वाकायचं, आणि हात कपाळाशी तसेच ठेवून पुन्हा उभं राहायचं. जमिनीला हात टेकून उठणं म्हणजे शोभा. जाऊबाईंचा मुलगा दोंगग्यू चाळिशी ओलांडली तरी लग्नाचं नाव काढत नाही, त्यामुळे सुनेच्या हाती जायचा हा पेला अजून तिच्याच हाती. पण त्याला कुणी ओझं म्हटलं तर ती भडकते. तो तिचा मान आहे.

त्या वर्षी तिसऱ्या नमस्काराला ती खाली बसली आणि उठलीच नाही. आधी वाटलं, भक्तिभावाने जरा जास्त वाकलीय. मग तिचे खांदे हलायला लागले. दोघीजणींनी काखेत हात घालून तिला उभं केलं. घराण्यातले सगळ्यांत वडील किजुनकाका खाकरले आणि म्हणाले, "सूनबाई थकल्या. पुढच्या वर्षी दुसरा पेला धाकट्या घराकडे द्यावा." धाकटं घर म्हणजे मी. काका रागावून बोलले असते तर ती भांडली असती. ते मायेने बोलले, म्हणून तिला बोलायला जागाच उरली नाही.

ती स्वयंपाकघरात गेली आणि प्रसादाच्या पुड्या बांधायला बसली. उकडलेलं मांस, वाफवलेला मासा, पेअर, सुकी बोरं. मोठा तुकडा काकांच्या घरी, त्याखालचा शहरातल्या पुतण्यांना, मग शेजारी, मग ओळखीपाळखीचे. परातीत काही उरलं नाही तेव्हा तिने गार भातात पाणी ओतलं, आंबवलेल्या तिखट कोबीच्या, म्हणजे किमचीच्या, दोन फोडी घेतल्या आणि उभ्या उभ्या खायला लागली. दरवर्षी ती असंच खायची. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं.

"जाऊबाई, तुमची पुडी कुठाय?"

"मला कशाला मांस? या वयात पचतं का ते? दात तरी कुठे राहिलेत?"

"आणि पाय कुठे राहिलेत?"

तिने वाडगा खाली ठेवला. "टोमणा मारलास?"

"मारला. लागला का?"

लागला होता. नाहीतर पुढच्या आठवड्यात ती माझ्याबरोबर आरोग्य केंद्रात आलीच नसती. तिथल्या नर्सने तिची पोटरी दोन्ही हातांच्या बोटांच्या कड्यात धरून पाहिली. कडं सैल पडलं, मधे चांगली फट राहिली.

"आजी, सकाळी काय खाता?"

"भात."

"भाताबरोबर?"

"पाणी."

नर्सने हसू दाबलं. जाऊबाई तोऱ्यात म्हणाली, "आणि किमची असते की! मी काय उपाशी राहते? अंगात जोर येतो तो भातानेच."

"भात खा, आजी. पण नुसत्या भाताने पाय टिकत नाहीत. वय झालं की अंगावरचं मांस गुपचूप झिजत जातं. प्रत्येक जेवणात अंडं, मासा, टोफू, मांस, काहीतरी हवंच. आणि पायांना रोज उठायबसायला लावा."

परतताना बसमध्ये जाऊबाई खिडकीकडे तोंड करून बसली होती. "काल जन्मलेली पोर मला जेवायला शिकवते! थोरल्या घरच्या बाईने चांगला तुकडा आपल्याच पानात वाढून घेतला तर गाव काय म्हणेल?"

तिची सगळी गोची तिथेच होती. घराण्याचं घर ज्या बाईकडे, तिने वाटायचं. तिने खाल्लं की ती हावरट. आम्ही सगळे तिच्या हातचं मांस खाऊन धष्टपुष्ट झालो आणि तिच्या पोटऱ्या वाळल्या. मी म्हटलं, "गाव काही म्हणणार नाही. पेला मुनग्यॉन्गवालीकडे गेला, एवढंच म्हणेल. मी तर नवा झगा शिवायला टाकणार आहे. जांभळा."

ती गर्रकन वळली. "तुला जांभळा शोभत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या ताटात उकडलेलं अंडं होतं.

मग तिने कंबर कसली. स्वतःच्या शेतातले सोयाबीन भिजवून दर आठवड्याला टोफू करायला लागली आणि मलाही धाडायला लागली. वर निरोप, की तुझ्या मांड्या माझ्यापेक्षा बारीक आहेत, आरशात बघ. बाजाराच्या दिवशी उल्जिनचा खारवलेला बांगडा येतो. इतकी वर्षं ती माहेरची मासळी फक्त नैवेद्यासाठी घ्यायची. आता स्वतःसाठी घेऊन काटे काढत बसायची. मांस इतकं शिजवायची की दातांचं कामच उरू नये. दुपारी खोलीचं दार लावून, फक्त मला आत घेऊन, नमस्कारांचा सराव चालायचा. आधी कपाटाच्या मुठीला धरून उठायची. एकदा ती मूठच उपटून तिच्या हातात आली. मी पोट धरून हसले आणि तिने तीच मूठ मला फेकून मारली.

सगळं काही सरळ झालं नाही. उन्हाळ्यात शहरातून पाहुणे आले आणि बाई पुन्हा वाटायला लागल्या. पाहुणे गेले तरी तिच्या हातात आपला पाण्यातला भात. मी वाडगा हिसकावून अंगणात रिकामा केला. त्यावर आमचं असं कडाक्याचं भांडण झालं की शेजारच्या कुत्र्यानेही भुंकणं थांबवलं. पुढे काही दिवस अबोला. मग एका सकाळी माझ्या उंबऱ्यावर टोफू येऊन पडला, तेव्हा समजलं की गाडी रुळावर आली.

श्राद्धाचा दिवस उजाडला. किजुनकाकांनी विचारलं, "दुसरा पेला कोण ठेवणार?"

"मी," जाऊबाई म्हणाली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

पहिला नमस्कार झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला, जिथे मागच्या खेपेला बसकण मारली होती, तिथे झग्याचा घेर थरथरला, पण ती उठली. चौथ्याला ती खाली गेली आणि फार वेळ खालीच राहिली. सगळं घराणं श्वास रोखून उभं. मी न राहवून पुढे झाले. मान वर न करता ती पुटपुटली, "हात आवर." आणि दोन्ही हात कपाळाशी ठेवून, जमिनीला बोटही न लावता, ती हळूहळू, हळूहळू उभी राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जाऊ आहे माझी ती, दुसऱ्या कुणाची नाही!

मग जेवणं. पुरुष दिवाणखान्यात ठेंगण्या मेजांशी बसले. एरवी ती या वेळी स्वयंपाकघरात पुड्या बांधत असते. त्या दिवशी तिने मांसाची ताटली उचलली, सरळ दिवाणखान्यात आली आणि सगळ्यांदेखत बसून जेवायला लागली. दात कमी, त्यामुळे एकेक घास चावायला वेळ लागत होता. पुरुषांची जेवणं उरकली, तिची ताटली अजून अर्धीही रिकामी झाली नव्हती.

आमच्याकडे मेजावरच्या सगळ्यांत वडील माणसाने चमचा खाली ठेवल्याशिवाय इतरांनी ठेवायचा नसतो. त्या दिवशी सगळ्यांत वडील होते किजुनकाका. त्यांचं सार केव्हाच संपलं होतं. तरी त्यांनी चमचा खाली ठेवला नाही. रिकाम्या वाडग्यात तो धरून ते शांत बसून राहिले. मग इतरही बसले. घराण्यातले सगळे पुरुष रिकाम्या वाडग्यांत चमचे धरून उल्जिनवालीचं जेवण व्हायची वाट बघत होते.

तिने एकदा मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मुनग्यॉन्गवाली, अजून एक तुकडा वाढ."