कॉलरवरची भोकं

टीव्हीतल्या एका कोटाची कॉलर बघून मी परवा खुर्चीतून अर्धा उठलो. परदेशातली खुनाची मालिका आहे. खाली पळणारी अक्षरं सूनबाई वाचून सांगते, अंगावरचे कपडे मी वाचतो. शाळा दुसरीत सुटली, पण चाळीस वर्षं शिलाई केलीय, उगाच नाही.

जुन्या लढाईत एका गावातली माणसं भिंतीशी उभी करून मारली होती. त्यातल्या एकाची बहीण आता म्हातारी झालीय. मारणारा लष्करी साहेब कोण, एवढंच तिला डोळे मिटायच्या आधी कळायला हवंय. परवा सफरचंदं विकणारा एक गोड म्हातारा आला. त्याच्या जुन्या लोकरी कोटाच्या कॉलरवर बारीक भोकांची रांग होती.

"हाच तो. कॉलरवरचा लष्करी बिल्ला उसवलाय यानं."

"काहीतरीच मामा! तो तर पोलिसांना मदत करतोय."

"चुकलो तर माझी कात्री तुझी."

बिल्ला काढता येतो हो, पण चांगलं कापड टाकवत नाही माणसाला. आणि इस्त्री कितीही फिरवा, सुईची वाट कापड धरून ठेवतं. किती गुन्हेगार असे स्वतःच्या चिकटपणानंच सापडत असतील!

काल पोलीसबाईनं ती कॉलर उजेडात धरली आणि म्हातारा पकडला गेला. बहिणीला नाव कळलं, तशी ती रडता रडता हसली. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या.

"बसा मामा, तिला ऐकू जातंय का?"

नसेल जात. मी आणखी जोरात वाजवल्या.