असाक्षर असल्याची सही

“तुमच्या या सुमनबाई यादीत साक्षर आहेत, मॅडम,” शिक्षण कार्यालयातल्या साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. “साक्षर बाईला साक्षरतेच्या परीक्षेला कसं बसवणार?”

प्रौढ शिक्षणाची नवी सरकारी योजना अशी चालते: आधी घरोघरी सर्वेक्षण, मग लिहिता-वाचता न येणाऱ्यांची अ‍ॅपवर नोंद, मग वर्ग, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट. बेलवलीतल्या एका शाळेत संध्याकाळचा वर्ग मी घ्यायचे. सुरुवातीला नऊ बायका होत्या. कुणाची शिफ्ट बदलली, कुणाची सून बाळंत झाली. दोन महिने एकट्या सुमनमावशीच येत होत्या. चार रांगा बेंच, त्या आणि मी. एवढ्या मोठ्यानं कुणासाठी बोलतेय, असं मलाच वाटायचं.

मावशी आनंदनगरच्या एका कारखान्यात पॅकिंगमध्ये दिवसभर उभ्या असतात. गुडघे गेलेत. लेबल तपासायचं काम बसून करतात, पण त्याला सर्टिफिकेट लागतं. त्यांना ती खुर्ची हवी होती.

सर्वेक्षणवाल्यानं दारात विचारलेलं, “सही येते का?”

“येते की,” मावशी ऐटीत म्हणाल्या. त्यानं ‘साक्षर’वर टिक केली. ती सही म्हणजे नुसती पाठ केलेली नक्षी होती. त्यातला ‘म’ वेगळा काढून दाखवला, तर त्यांना ओळखता येत नव्हता.

“दुरुस्ती होईल,” साहेब म्हणाले. “लिहिता-वाचता येत नाही, असं घोषणापत्र आणा. पण त्यावर अंगठा पाहिजे.”

मावशींना सांगितलं. त्यांनी वही मिटली.

“रेशनवाला अंगठा घ्यायचा आणि फडका अंगावर फेकायचा. ‘पूस, अंगठाछाप.’ त्यासाठी नवऱ्याकडून सही शिकून घेतली मी. आता अंगठा नाय देणार.”

“मावशी, एकदाच. खुर्चीसाठी.”

“तू देशील काय?”

त्यांनी फॉर्म ओढला आणि खाली सही केली.

साहेब फॉर्म बघून हसले. “‘मला लिहिता येत नाही.’ आणि खाली ही ठसठशीत सही. हे वर कसं पाठवू? आधारला मीसुद्धा अंगठा लावतो, मॅडम. त्यात काय एवढं?”

“तुम्हाला कुणी फडका फेकून मारला नाही, सर. त्यांना समोर बसवा, वाचायला द्या. लगेच कळेल.”

“अ‍ॅपमध्ये ती सोय नाही.”

“योजना माणसांसाठी आहे की अ‍ॅपसाठी?”

“माणसांसाठीच. पण माणूस अ‍ॅपमध्ये असायला पाहिजे.”

परीक्षेच्या यादीत मावशींचं नाव आलं नाही. त्या अजून पॅकिंगलाच उभ्या असतात. नोंदणी झालेल्यांपैकी हजर शून्य, म्हणून वर्गही बंद झाला. शेवटच्या संध्याकाळी त्यांची सेकंड शिफ्ट होती. फळा मी एकटीनंच पुसला.

आता योजनेत ‘प्रौढ शिक्षण’ऐवजी ‘सर्वांसाठी शिक्षण’ म्हणायचं, असं आम्हाला सांगितलंय. फॉर्मवर रकाने दोनच आहेत, साक्षर आणि असाक्षर. जो अजून शिकतोय, त्याला कुठे लिहायचं हे मी लेखी विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.