नळदुरुस्तीच्या पुस्तकाची जोडी

आमचे दाजी ग्रंथपाल आहेत आणि त्यांच्या वाचनालयातून एकटं पुस्तक घरी जाऊ शकत नाही. प्रत्येक पुस्तकाला सुतळीने एका सिनेमाची सीडी बांधलेली असते. दोन्ही न्यायचं, नाहीतर हात हलवत परत जायचं. दाजींच्या मते नुसतं वाचणारा माणूस कोरडा होतो आणि नुसतं बघणारा ओला. याचा अर्थ मी त्यांना कधी विचारला नाही, कारण ते सांगत बसले असते.

जोड्या मात्र ते जीव ओतून लावतात. मधमाश्यांच्या पुस्तकाला त्यांनी तुरुंगातून पळणाऱ्यांचा सिनेमा दिला, व्याकरणाला भुताचा. एका प्रेमकथेला हत्तींवरचा माहितीपट बांधला, तर ती नेणाऱ्या बाई रडत परत आल्या आणि पुन्हा तीच जोडी घेऊन गेल्या. तेव्हापासून दाजी कुणालाच जुमानत नाहीत.

एकच पुस्तक अकरा वर्षं बिनजोडीचं पडून होतं: 'घरचा नळ घरीच दुरुस्त करा'. लेखक आमचे बाबा. बाबा प्लंबर होते. त्यांनी आयुष्यात एवढंच लिहिलं, प्रती गिऱ्हाइकांना वाटल्या, आणि गिऱ्हाइकांनी त्या नेमक्या गळक्या नळाखाली ठेवल्या. बाबा गेले तेव्हा ही एकच प्रत धड उरली होती.

मग वरून पत्र आलं, की दहा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं शनिवारी रद्दीत जातील. मी म्हटलं, माझ्या नावावर द्या आणि विषय संपवा. दाजी म्हणाले, जोडी नाही. कुठलीही सीडी बांधा म्हटल्यावर ते भडकलेच. सासऱ्यांच्या पुस्तकाला कुठलीही कशी बांधू, म्हणाले. मग चार दिवस पुराचे, बुडत्या जहाजांचे, दुष्काळाचे सिनेमे बघत बसले. एकही पसंत पडेना. मला तर वाटलं, आता यांनाच सुतळीने बांधावं.

ताई रोज साडेसातला तिची मालिका बघते, आणि दाजी नाक मुरडून आतल्या खोलीत जातात. शुक्रवारी मीही तिच्याशेजारी बसलो होतो. टीव्हीवरची नजर न काढता ती आतल्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "या मालिकेतल्या स्वयंपाकघरातला नळ तीन वर्षं गळतोय. सून रडते, सासू ओरडते, पण वायसर कुणी बदलत नाही."

दाजी बाहेर आले. उभ्या उभ्या त्यांनी दोन मिनिटं ती टपटप ऐकली. वाचनालय समोरच आहे. जाहिराती संपायच्या आत ते पुस्तक आणि रजिस्टर घेऊन आले. मालिकेला सुतळी बांधता येईना, म्हणून त्यांनी पुस्तकच टीव्हीच्या पायाला बांधलं आणि रजिस्टरमध्ये ताईचं नाव लिहिलं. जोडीशिवाय वाचलं तर नियम मोडेल म्हणून त्यांनी अकरा वर्षांत ते पुस्तक उघडलंही नव्हतं. मीही उघडलं नव्हतं, आणि मला तर नियमही नव्हता.

दाजींनी टीव्हीपाशी गुडघे टेकून पहिलं पान मोठ्याने वाचलं. "आधी मेन कॉक बंद करा. रडायचं असेल तर मग रडा. दोन्ही एकदम केलं तर पाना हातातून निसटतो."

ताईने टीव्हीचा आवाज बंद केला. "बाबा असेच बोलायचे," ती म्हणाली, आणि तिचे ओठ थरथरायला लागले.

मी धावत जाऊन मेन कॉक बंद करून आलो, आणि मग ती रडली.